अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरचा विषाणूजन्य न्यूमोनिया : निदान, उपचार आणि वेळेचे महत्त्व

सिंगापूरमधील नोव्हेना हा भाग रुग्णालयांसाठी ओळखला जातो. १८४४ साली स्थापन झालेले टान टॉक सेंग रुग्णालय येथे आहे. त्याच्या शेजारी २०१९ मध्ये सुरू झालेले, ३३० खाटांचे राष्ट्रीय संसर्गजन्य रोग केंद्र आहे, आणि जवळच माउंट एलिझाबेथ नोव्हेना हे खासगी रुग्णालय आहे. २००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा टान टॉक सेंग रुग्णालय सार्सच्या रुग्णांसाठी राखून ठेवण्यात आले होते. त्या साथीत सिंगापुरात २३८ जणांना बाधा झाली आणि ३३ जण दगावले. सुदृढ माणसाच्या फुफ्फुसातही एखादा अनोळखी विषाणू काय उत्पात घडवू शकतो, हे तेव्हा दिसून आले.

अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र विषाणू अनोळखी असण्याची गरज नसते. शाळेतून आलेल्या मुलाची साधी सर्दी, भेटीस आलेल्या पाहुण्याचा खोकला किंवा रुग्णाच्याच शरीरात बालपणापासून निद्रिस्त राहिलेला एखादा विषाणूही न्यूमोनियाचे कारण ठरू शकतो. उपचारासाठी सिंगापूरला आलेल्या किंवा येथेच स्थायिक असलेल्या मराठी कुटुंबांना या आजाराचे नाव बहुधा प्रथमच ऐकायला मिळते ते प्रत्यारोपणापूर्वीच्या संमतिपत्रात. त्या वेळी सारे लक्ष कर्करोगाकडे आणि दात्याच्या शोधाकडे असल्याने हा भाग वाचला जातो, पण मनात राहत नाही. तो मनात राहावा याचे एक ठोस कारण आहे. या आजाराच्या उपचारातील निर्णायक काळ बहुतेक वेळा न्यूमोनिया होण्यापूर्वीचा असतो. विषाणू नाकात किंवा रक्तात सापडला आहे, पण फुफ्फुसात अजून शिरलेला नाही, अशा मोजक्या दिवसांत वैद्यकाच्या हाती सर्वाधिक साधने असतात. त्यानंतर ती झपाट्याने कमी होत जातात.

प्रतिकारशक्ती कशी आणि किती काळ खालावते

अस्थिमज्जा प्रत्यारोपण म्हणजे प्रत्यक्षात रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण होय. आधी तीव्र केमोथेरपी देऊन, आणि काही वेळा किरणोत्सर्गाने, रुग्णाची मूळची मज्जा नष्ट करतात किंवा दडपतात. त्यानंतर मूलपेशी सलाइनप्रमाणे शिरेतून देतात. त्या रुग्णाच्या स्वतःच्या, आधी काढून गोठवून ठेवलेल्या असतील, तर त्या प्रत्यारोपणास ऑटोलॉगस म्हणतात. मायलोमा आणि काही प्रकारच्या लिम्फोमात ही पद्धत वापरली जाते. त्या भाऊ-बहीण, आई-वडील किंवा अनोळखी दात्याच्या असतील, तर ते अलोजेनिक प्रत्यारोपण होय. विषाणूजन्य न्यूमोनियाचा धोका दुसऱ्या प्रकारात कितीतरी अधिक असतो.

याचे कारण रक्ताच्या अहवालातील एका आकड्यामागे दडलेले असते. प्रत्यारोपणानंतर साधारण दोन ते चार आठवड्यांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढू लागतात आणि कुटुंबाला सुटकेचा निःश्वास टाकता येतो. या पेशी प्रामुख्याने जिवाणू आणि बुरशी यांच्याशी झुंजतात. विषाणूंचा बीमोड करण्याचे काम मुख्यतः टी लिम्फोसाइट या पेशींचे असते, आणि त्या सावरायला अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. त्यामुळे ‘काउंट आले’ म्हणून रुग्ण घरी जातो, तेव्हाही विषाणूंपुढे तो जवळपास निःशस्त्रच असतो.

अलोजेनिक प्रत्यारोपणात आणखी एक अडचण असते. दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर किंवा यकृतावर हल्ला करू नये, म्हणून टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनसारखी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे द्यावी लागतात. असा हल्ला झालाच, तर त्याला ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट आजार म्हणतात आणि त्यावर पहिला उपचार स्टेरॉइडचा असतो. स्टेरॉइडची मात्रा जितकी मोठी, तितका विषाणूंना मार्ग मोकळा. एका आजारावरील उपचार दुसऱ्या आजाराला आमंत्रण देतो. ही ओढाताण या विषयात पदोपदी दिसते.

शरीरात आधीच वास करणारा विषाणू

सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजेच सीएमव्ही, हा हर्पिस कुळातील विषाणू आहे. निरोगी व्यक्तीत त्याची बाधा बहुधा जाणवतही नाही. मात्र एकदा शिरलेला विषाणू आयुष्यभर शरीरात सुप्तावस्थेत राहतो. पाश्चात्त्य देशांत साधारण निम्म्या प्रौढांत त्याच्या खुणा आढळतात, तर भारतात हे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. त्यामुळे भारतीय रुग्णाच्या बाबतीत प्रश्न सीएमव्ही बाहेरून येईल का, हा नसतो. आत असलेला सीएमव्ही केव्हा जागा होईल, हा असतो. रुग्णाच्या शरीरात हा विषाणू आहे, पण दात्याला तो कधीच झालेला नाही, अशा जोडीत धोका विशेष वाढतो, कारण दात्याच्या पेशींना या शत्रूची ओळखच नसते.

१९८० च्या दशकात सीएमव्ही न्यूमोनिया हे अलोजेनिक प्रत्यारोपणानंतरच्या मृत्यूंचे एक प्रमुख कारण होते. तो झालेल्या दहा रुग्णांपैकी आठ-नऊ जण दगावत. १९८८ मध्ये गॅनसायक्लोव्हिर हे औषध आणि इम्युनोग्लोब्युलिन एकत्र दिल्यास निम्म्याहून अधिक रुग्ण वाचतात, असे लहान अभ्यासांतून दिसले. खरा बदल घडवला तो त्यापुढच्या पावलाने. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अमेरिकी अभ्यासांत, विषाणू सापडताच, न्यूमोनियाची वाट न पाहता गॅनसायक्लोव्हिर सुरू करण्यात आले, आणि न्यूमोनियाचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर घटले.

तेव्हापासून बहुतेक केंद्रांची कार्यपद्धती याच तत्त्वावर उभी आहे. प्रत्यारोपणानंतर किमान पहिले १०० दिवस, साधारण दर आठवड्याला, रक्तातील सीएमव्हीचे प्रमाण पीसीआर चाचणीने मोजतात. ते ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, की रुग्णाला काहीही त्रास होत नसला तरी औषध सुरू होते. ठणठणीत वाटत असताना औषध का, असा प्रश्न अनेक कुटुंबांना पडतो. लक्षणे दिसेपर्यंत थांबण्याची किंमत काय असते, याचा १९८० च्या दशकातील अनुभव हेच त्याचे उत्तर होय.

२०१७ मध्ये लेटरमोव्हिर या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि विषाणू जागा होण्यापूर्वीच त्याला रोखणे व्यवहार्य झाले. मूळ चाचणीत २४ आठवड्यांपर्यंत उपचार करावा लागेल इतका सीएमव्ही उद्भवण्याचे, किंवा चाचणीतील नोंद अपुरी राहण्याचे, प्रमाण औषध घेणाऱ्यांत ३७.५ टक्के, तर न घेणाऱ्यांत ६०.६ टक्के होते. गॅनसायक्लोव्हिरमुळे पांढऱ्या पेशी घटतात. लेटरमोव्हिरमुळे मज्जेवर तसा परिणाम होत नाही, हा त्याचा मोठा लाभ. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. लेटरमोव्हिर केवळ सीएमव्हीवर चालते. नागीण, कांजिण्या आणि तोंडातील हर्पिस यांसाठी असायक्लोव्हिर वेगळे सुरूच ठेवावे लागते. तसेच हे औषध थांबवल्यावर पुढील काही आठवड्यांत विषाणू डोके वर काढू शकतो. गोळी बंद झाली म्हणजे रक्ततपासणीही बंद झाली, असे समजणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

प्रत्यक्ष सीएमव्ही न्यूमोनिया झाल्यास आजही पहिले औषध शिरेतून दिले जाणारे गॅनसायक्लोव्हिर हेच आहे. पांढऱ्या पेशी फारच कमी असतील किंवा विषाणू दाद देत नसेल, तर फॉस्कारनेट दिले जाते. त्याचा मूत्रपिंडावर आणि रक्तातील कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांवर परिणाम होतो. म्हणून सलाइन आणि रोजची रक्ततपासणी अनिवार्य असते. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या सीएमव्हीसाठी मॅरिबाव्हिर या गोळीला २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

बाहेरून येणारे श्वसनविषाणू

दुसरा गट आहे हवेतून, थुंकीच्या तुषारांतून आणि हातांवाटे येणाऱ्या विषाणूंचा. इन्फ्लुएन्झा, आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएन्झा, मेटान्यूमोव्हायरस, अडिनोव्हायरस, कोरोना आणि सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस ही त्यांतील प्रमुख नावे. निरोगी माणसात ते नाक-घशापुरते मर्यादित राहतात. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांपैकी काहींच्या बाबतीत मात्र ते काही दिवसांत श्वासनलिकांमधून फुफ्फुसात उतरतात. लिम्फोसाइटची संख्या कमी असणे, न्यूट्रोफिल घटलेले असणे, स्टेरॉइड सुरू असणे आणि प्रत्यारोपणाला थोडेच दिवस झालेले असणे, या स्थितींत ही शक्यता वाढते.

या विषाणूंवरील औषधांची स्थिती समान नाही, आणि याची स्पष्ट कल्पना कुटुंबाला असणे हिताचे असते.

इन्फ्लुएन्झावर ओसेल्टामिव्हिर हे परिणामकारक औषध आहे. ते पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास उत्तम. परंतु प्रत्यारोपणाच्या रुग्णांत ही वेळ टळली तरी ते दिले जाते आणि नेहमीच्या पाच दिवसांऐवजी बहुधा अधिक काळ चालू ठेवले जाते. साथीच्या दिवसांत अहवालाची वाट न पाहता ते सुरू करण्याची पद्धत आहे.

आरएसव्हीसाठी अनेक वर्षे रिबाव्हिरिन वापरले जात आहे, वाफेवाटे अथवा गोळीच्या रूपात. विषाणू नाक-घशात असतानाच ते दिल्यास न्यूमोनियाचे प्रमाण घटते, असे अनेक केंद्रांचा पूर्वानुभव सांगतो. मात्र भक्कम तुलनात्मक चाचण्यांचा आधार त्यास नाही. हे औषध गर्भास घातक असल्याने गरोदर परिचारिका किंवा नातेवाइकांना वाफेच्या खोलीपासून दूर ठेवतात. त्याने तांबड्या पेशीही फुटू शकतात. प्रेसाटोव्हिर या नव्या औषधाकडून मोठी आशा होती. पण प्रत्यारोपणाच्या रुग्णांवरील चाचणीत ते अपेक्षित लाभ दाखवू शकले नाही.

पॅराइन्फ्लुएन्झा आणि मेटान्यूमोव्हायरस यांच्यावर मान्यताप्राप्त औषध नाही. अडिनोव्हायरस विशेषतः लहान मुलांत घातक ठरतो; त्यावर सिडोफोव्हिर वापरतात, पण मूत्रपिंड जपण्यासाठी सोबत प्रोबेनेसिड आणि भरपूर सलाइन द्यावे लागते. कोरोनावर रेमडेसिव्हिर शिरेतून देता येते. निर्मात्रेल्व्हिर-रिटोनाव्हिर ही जोडगोळी मात्र टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन किंवा सिरोलिमस घेणाऱ्या रुग्णाने प्रत्यारोपण तज्ज्ञाच्या परवानगीवाचून कदापि घेऊ नये. रिटोनाव्हिरमुळे या औषधांची रक्तातील पातळी अनेक पटींनी वाढते आणि मूत्रपिंडांना इजा होते.

निदान : तीन पायऱ्या

ताप, खोकला, दम लागणे ही लक्षणे या रुग्णांत पुष्कळदा सौम्य असतात; स्टेरॉइडमुळे ताप येतही नाही. छातीचा साधा एक्स-रे सुरुवातीला निर्दोष दिसू शकतो. म्हणून निदान तीन पायऱ्यांनी होते.

पहिली पायरी नाक-घशातील स्वॅबची. मल्टिप्लेक्स पीसीआर या चाचणीत एकाच नमुन्यातून अनेक श्वसनविषाणू काही तासांत तपासता येतात. दुसरी पायरी सीटी स्कॅनची. फुफ्फुसात धुरकट काचेसारखे दिसणारे पट्टे विषाणूकडे बोट दाखवतात. गाठीसारखे डाग बुरशीचा संशय निर्माण करतात. तरीही केवळ चित्रावरून विषाणूचे नाव सांगता येत नाही. तिसरी पायरी ब्रॉन्कोस्कोपीची. बारीक दुर्बीण श्वासनलिकेत घालून, फुफ्फुसाचा एक भाग सलाइनने धुऊन ते पाणी तपासतात.

ही तिसरी पायरी नातेवाइकांना भीतिदायक वाटते आणि अनेकदा ती टाळण्याची विनंती होते. ऑक्सिजन फारच खालावला असेल किंवा प्लेटलेट अत्यल्प असतील, तर डॉक्टरही थांबतात. पण तिचे मोल मोठे आहे, कारण या रुग्णांत एका वेळी दोन-तीन जंतू असणे विरळ नाही. विषाणूसोबत अस्परजिलस ही बुरशी, न्यूमोसिस्टिस किंवा जिवाणूही असू शकतो. कधी कोणताच जंतू सापडत नाही आणि फुफ्फुसाचा दाह केमोथेरपी किंवा दात्याच्या पेशींमुळे झालेला असतो. त्यावर स्टेरॉइड द्यावे लागते, जे विषाणूच्या बाबतीत अपायकारक ठरू शकते. चुकीच्या तर्कावर दिलेला उपचार येथे निरुपयोगी ठरून थांबत नाही, तो हानीही करतो.

खोलीतील हवेचा पेच

प्रत्यारोपणाच्या रुग्णाची खोली आणि संसर्गजन्य रुग्णाची खोली या परस्परविरुद्ध तत्त्वांवर बांधलेल्या असतात. प्रत्यारोपण विभागात खोलीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा अधिक ठेवतात. गाळलेली हवा आत येते आणि दार उघडले तरी मार्गिकेतील जंतू आत शिरत नाहीत. हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या रुग्णासाठी नेमके उलटे करतात. खोलीतील दाब कमी ठेवतात, म्हणजे आतली हवा बाहेर जाऊन इतरांना बाधा होत नाही. नोव्हेनाच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग केंद्रात अशा खोल्यांची विशेष सोय आहे.

प्रत्यारोपणाच्या रुग्णालाच कांजिण्या किंवा गोवरासारखा हवेतून पसरणारा रोग झाला तर? त्याला दोन्ही प्रकारचे संरक्षण हवे असते. त्यासाठी मुख्य खोलीपुढे एक छोटी मधली खोली ठेवून हवेचा प्रवाह दोन्ही बाजूंनी नियंत्रित करतात. इन्फ्लुएन्झा आणि आरएसव्हीसाठी एकल खोली, मास्क, हातमोजे आणि गाउन यांवर भर असतो. विभागात एका रुग्णाला आरएसव्ही झाल्यास तो परिचारिकांच्या हातांवाटे दुसऱ्या खाटेपर्यंत पोचू शकतो. त्यामुळे भेटीवरील बंदी हा रुग्णालयाचा कडकपणा नसून उपचाराचाच भाग असतो.

न्यूमोनिया झाल्यावर

फुफ्फुसात विषाणू पोचल्यावर उपचार पाच अंगांनी होतो. विषाणूवर औषध असेल तर ते पूर्ण मात्रेत देतात. सोबतच्या जिवाणू-बुरशीवर प्रतिजैविके आणि बुरशीनाशके सुरू करतात. ऑक्सिजन देतात, नळीवाटे तेवढा पुरेसा न ठरल्यास उष्ण, दमट आणि वेगवान ऑक्सिजनचे यंत्र व त्यानंतर कृत्रिम श्वसन, असा चढता क्रम असतो. रक्तातील इम्युनोग्लोब्युलिन फार कमी असल्यास ते शिरेतून भरून काढतात.

पाचवे अंग सर्वांत अवघड. स्टेरॉइड आणि इतर दडपणारी औषधे कमी केली, तर नव्या पेशींना विषाणूशी लढण्यास वाव मिळतो. पण ती फार वेगाने कमी केली, तर ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट आजार भडकतो आणि मग पूर्वीहून मोठी मात्रा द्यावी लागते. येथे सर्वांना लागू पडणारा नियम नाही. रक्तरोगतज्ज्ञ, संसर्गतज्ज्ञ आणि फुफ्फुसतज्ज्ञ यांना रोजच्या रोज तोल पाहावा लागतो. दात्याच्या किंवा त्रयस्थ व्यक्तीच्या रक्तातून विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी वेगळ्या काढून रुग्णास देण्याचा मार्ग १९९० च्या दशकापासून अभ्यासला जात आहे. काही केंद्रांत तो उपलब्धही आहे. पण तो अद्याप सर्वत्र रुळलेला नाही.

कृत्रिम श्वसनयंत्राची वेळ आली, तर बरे होण्याची शक्यता लक्षणीय घटते. हे सत्य डॉक्टरांनी लपवू नये आणि कुटुंबानेही ते विचारण्यास कचरू नये. किती काळ प्रयत्न करायचा आणि रुग्णाची स्वतःची इच्छा काय, हे बोलणे शुद्ध हरपल्यावर शक्य नसते. भारतात असलेल्या ज्येष्ठांशी रात्री फोनवर सल्लामसलत करून परदेशातील रुग्णालयात असा निर्णय घेण्याची वेळ अनेक मराठी कुटुंबांवर येते. तो विषय आधीच, शांतपणे काढलेला बरा.

प्रत्यारोपणापूर्वीच सर्दी झाली तर

एक प्रसंग विशेष कठीण असतो. दाता ठरला आहे, खाट मिळाली आहे, पैशांची सोय झाली आहे आणि केमोथेरपीच्या आदल्या दिवशी रुग्णाच्या स्वॅबमध्ये आरएसव्ही सापडतो. त्याच अवस्थेत प्रत्यारोपण केल्यास तो न्यूमोनियात बदलण्याचा धोका असतो. म्हणून शक्य असेल तेव्हा काही आठवडे थांबतात. मात्र तीव्र ल्युकेमियात थांबणे म्हणजे आजार परतण्याची जोखीम घेणे. कोणती जोखीम लहान, हे रुग्णागणिक बदलते. अशा वेळी सर्दी लपवणे, हा सर्वांत घातक पर्याय ठरतो. तारीख पुढे जाईल या भीतीने लक्षणे न सांगणारे रुग्ण आणि नातेवाईक असतात. त्यांना त्या एका दिवसाची किंमत नंतर मोजावी लागू शकते.

घरची शिस्त

शरीराचे तापमान ३८ अंश सेल्सिअसवर गेले, नवा खोकला सुरू झाला, चालताना धाप लागू लागली किंवा बोटावरील ऑक्सिमीटरचा आकडा नेहमीपेक्षा तीन-चार अंकांनी उतरला, तर त्याच घटकेला प्रत्यारोपण विभागाला फोन करावा. सकाळपर्यंत थांबू नये. फोन करण्यापूर्वी पॅरासिटामॉल घेऊन ताप झाकू नये. श्वास घेणेच कठीण झाल्यास सिंगापुरात ९९५ आणि महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

घरात उरलेली प्रतिजैविके आपणहून सुरू करू नयेत. अझिथ्रोमायसिनचे उदाहरण बोलके आहे. प्रत्यारोपणानंतर फुफ्फुसाचा एक दीर्घ विकार टाळण्यासाठी ते दीर्घकाळ दिल्यास कर्करोग परतण्याचे प्रमाण वाढते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला. काढे आणि चूर्णे यांबाबतही हीच सावधगिरी हवी. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. चिनी नववर्षाच्या दिवसांत सिंगापूरच्या बाजारात पपनसांचे ढीग लागतात. पपनस आणि ग्रेपफ्रूट ही फळे टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरिनची रक्तातील पातळी वाढवतात, म्हणून ती वर्ज्य असतात.

रुग्णाचे खरे कवच असते ते त्याच्या घरच्यांचे लसीकरण. इन्फ्लुएन्झाची निष्क्रिय लस घरातील प्रत्येकाने दरवर्षी घ्यावी. रुग्णाला ती साधारण सहा महिन्यांनी, साथ असल्यास त्याहून लवकर देतात. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांच्या लसी जिवंत विषाणूंच्या असतात. रुग्णाला त्या दोन वर्षांपूर्वी देत नाहीत आणि त्यानंतरही दडपणारी औषधे बंद असल्यासच देतात. त्या काळात घरातील मुलांचे लसीकरण पूर्ण असणे हाच त्याचा आधार. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराचा उद्रेक झाला होता. प्रतिकारशक्ती नसलेल्या रुग्णात गोवर पुरळाविनाही फुफ्फुसात शिरू शकतो, हे लक्षात घेता या बाबीचे गांभीर्य कळते. आरएसव्हीच्या लसी २०२३ पासून ज्येष्ठांसाठी उपलब्ध होऊ लागल्या. त्या कुणी घ्याव्यात, हे तज्ज्ञांना विचारावे.

सिंगापुरात इन्फ्लुएन्झा वर्षभर असतो. साधारणपणे डिसेंबर ते फेब्रुवारी आणि मे ते जुलै या काळात त्याचा जोर वाढतो. पश्चिम भारतात पावसाळ्यात तो उसळी घेतो. म्हणजे जूनमध्ये सिंगापूरहून पुण्याला परतणारा रुग्ण एका हंगामातून थेट दुसऱ्या हंगामात पाऊल टाकतो. गणपतीत आरतीला जमणारी मंडळी, लग्नसमारंभ आणि गर्दीचे विमानतळ यांबाबतचा निर्णय तारखेवरून न घेता रुग्णाच्या लिम्फोसाइटवरून आणि चालू औषधांवरून घ्यावा लागतो.

मायदेशी परतताना

महाराष्ट्रात या उपचाराची परंपरा जुनी आहे. भारतातील पहिले अलोजेनिक अस्थिमज्जा प्रत्यारोपण मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. ल्युकेमियाग्रस्त नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा देण्यात आली होती. आज टाटा मेमोरियलचे प्रत्यारोपण केंद्र खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक येथे आहे, आणि मुंबई महापालिकेनेही बोरिवलीत लहान मुलांसाठी केंद्र उभारले आहे. सिंगापुरात प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाची पुढील देखरेख त्यामुळे मायदेशी होऊ शकते. अट एवढीच, की दोन्हीकडील वैद्यकांत दुवा हवा.

परतताना सोबत असावी अशी कागदपत्रे मोजकी आहेत. प्रत्यारोपणाचा प्रकार आणि तारीख, रुग्ण व दाता यांची सीएमव्ही स्थिती, आजवर आढळलेले विषाणू आणि दिलेली औषधे, टॅक्रोलिमसची अखेरची पातळी, लसीकरणाचे वेळापत्रक आणि शेवटच्या सीटी स्कॅनची प्रत. सीएमव्हीचा आकडा एका प्रयोगशाळेतून दुसरीत गेल्यावर तंतोतंत जुळत नाही. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय मानक ठरवून दिल्यानंतरही फरक उरतोच. म्हणून नव्या ठिकाणी पहिली तपासणी लगेच करून तिलाच पुढील तुलनेचा पाया मानणे योग्य.

विषाणूतून बरे झाल्यावरही फुफ्फुसांचे काम संपत नाही. काही रुग्णांत महिन्यांनंतर बारीक श्वासनलिका आकसत जातात आणि जिना चढताना धाप लागू लागते. वय किंवा अशक्तपणा म्हणून या लक्षणाकडे दुर्लक्ष होते. फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री ही साधी तपासणी ठरावीक अंतराने केली, तर हा बदल वेळीच कळतो. गेलेली क्षमता सहसा परत येत नाही, पण उरलेली राखता येते.

गेल्या चार दशकांत या आजाराच्या उपचारात मोठी प्रगती झाली, ती फुफ्फुसात पोचलेल्या विषाणूला मारण्यात कमी आणि तो तेथे पोचण्यापूर्वी त्याला गाठण्यात अधिक. दर आठवड्याची रक्ततपासणी, वेळेवर दिलेला स्वॅब आणि मध्यरात्री केलेला एक फोन या त्या प्रगतीतील रुग्णाच्या कुटुंबाच्या हाती असलेल्या गोष्टी होत. बाकी निर्णय डॉक्टरांचे असतात. पण त्यांच्या हाती वेळ सोपवणे घरच्यांनाच शक्य असते.